चेहरे बसवणारे भाई

कुठलीही टेप आली की भाई आधी आवाज बंद करायचे. मग उजव्या हाताचा तळवा पडद्यावर आडवा धरायचे, बरोबर माणसाच्या नाकाखाली. तोंड झाकलं जायचं, डोळे तेवढे उरायचे. असे ते पाच-पाच मिनिटं बघत बसत. मंत्री असो, शेतकरी असो, सरकारी दवाखान्यातला डॉक्टर असो, सगळ्यांची तोंडं त्या तळव्यामागे मुकाट हलत राहायची आणि भाई मान तिरकी करून डोळे वाचायचे.

मी घाई केली की म्हणायचे, "थांबा जी ताई, पाहू द्या. तोंड तं शिकोलेलं असते. डोये अजून अडानी हायेत."

एका वृत्तवाहिनीचं छोटं कार्यालय होतं आमचं, अमरावतीत राजापेठेत, शिलाई मशीनच्या दुकानाच्या वर. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे आमच्याकडे. मी गावोगाव जाऊन बातमी आणायची, लिहायची आणि माझ्याच आवाजात वाचायची. भाई ती जोडायचे. म्हणजे तासाभराच्या टेपमधून अडीच-तीन मिनिटं उचलायची, मागेपुढे लावायची, आणि सांधे दिसू द्यायचे नाहीत. आम्ही याला एडिटिंग म्हणायचो. भाई 'बसवणं' म्हणायचे. फळी फळीला बसते तशी.

वय पन्नाशीचं. मेंदी लावून केशरी झालेले केस, पांढरा शर्ट, आणि मशीनसमोर बसण्याआधी चपला खोलीबाहेर. मूळचे बार्शीटाकळीचे. घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी, आणि मुंबईच्या फोनवर एक तिसरीच भाषा, जिच्यात ते दर वाक्याला 'येस सर' म्हणत आणि फोन ठेवल्यावर कपाळ पुसत.

वाहिनीत येण्यापूर्वी वीस वर्षं त्यांनी लग्नाच्या कॅसेटी केल्या होत्या. नवरीचा चेहरा कमळात उमलवणं, नवरदेवाच्या घोड्यामागे ताजमहाल उभा करणं, मंगलाष्टकं संपताच कबुतरं उडवणं, हे सगळं त्यांनी केलं होतं आणि त्याची त्यांना जराही लाज नव्हती. "लोकाइले कबुतरं आवडतात ताई. मी कोन नाई म्हननारा?"

त्यातली एक गोष्ट ते फार अभिमानानं सांगायचे. एका लग्नात नवरीचा बाप दिवसभर दगडासारखा होता. रडला नाही, हसला नाही, पाठवणीच्या वेळी तर कोपऱ्यात कोणाशी तरी गॅसबत्त्यांबद्दल बोलत उभा होता. कॅसेट पाहून पोरीला काय वाटेल, या काळजीनं भाईंना जेवण गोड लागेना. मग टेपा चाळता चाळता त्यांना तोच बाप स्वयंपाकाच्या भट्टीपाशी सापडला. धुरानं डोळे भरलेले, तोंड वाकडं झालेलं. भाईंनी तो तुकडा उचलला आणि नवरी गाडीत बसते त्याच्या लगेच पुढे बसवला. जरा मंद केला. सनई घातली.

"कॅसेट द्यायले गेलो तं साऱ्या घरानं संगं बसून पाह्यली. त्या तुकड्याशी आल्यावर तो मानूस खरंच रडाले लागला ताई. हमसून हमसून. मले म्हने, भाई, मले मालूमच नोतं मी इतका रडलो म्हनून."

मग म्हणायचे, "चेहरा बिचारा असते. ज्याच्या बाजूले बसवा, त्याचा होते."

तुम्हीही टीव्ही बघता. बोलणाऱ्याच्या मध्येच ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवतात, तुम्ही पाहिलं असेल. तो चेहरा खरंच त्या वेळी ते ऐकत होता की नाही, हे आपण विचारत नाही. मीही विचारत नसे. भाईंनी मला हे सगळं हळूहळू शिकवलं. उत्तर देण्याआधीची दोन सेकंदं राहू दिली की माणूस खोटा वाटतो, कापली की हुशार वाटतो. कॅमेरा खालून लावला की तलाठीसुद्धा राजासारखा दिसतो. एकदा पाटबंधारे खात्याच्या एका अधिकाऱ्यानं मुलाखतीत 'पाणी सोडलेलं आहे' असं ठणकावून सांगितलं आणि सांगून झाल्यावर सहज बाजूला पाहिलं. भाईंनी वाक्य संपल्यावरही चित्र एक सेकंद चालू ठेवलं. झालं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याचा फोन. "अहो मॅडम, मी तर खरं सांगितलं होतं. लोक मला खोटारडा का म्हणतायत?"

मी फोन ठेवून भाईंकडे पाहिलं. भाई बडीशेप चघळत होते. "मी काय केलं? मी तं काइच काटलं नाई."

आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

मग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं आली. कापसाच्या वावरांतून दर आठवड्याला एक तरी घर आमच्याकडे बातमी होऊन येऊ लागलं. पहिल्या काही वेळा गावाचं नाव ऐकून मी हादरायचे. नंतर नंतर नाव ऐकलं की एस.टी. किती वाजता आहे ते बघायला लागले. हे असं कधी झालं ते मला कळलं नाही.

मुंबईहून फोन येई, "दुःख पोहोचत नाहीये. जरा इमोशनल करा." म्हणजे काय करायचं ते भाईंना ठाऊक होतं. चित्रातला रंग काढून घ्यायचा, चाल निम्म्यावर आणायची, बाईच्या डोळ्यांवर थांबायचं, आणि खाली एक आलाप सोडायचा. कोणा बाईचा तो आलाप कुठून आला होता कोण जाणे. संगणकात भाईंनी त्याला नाव दिलं होतं, 'मय्यत'. "कोनती बातमी हाये? मय्यत लावू काय?" असं ते विचारत आणि मी 'लावा' म्हणत असे.

एकदा मात्र ते अडून बसले. एका घरी मी एका विधवेशी बोलत होते आणि तिची लहान पोर पदरामागून कॅमेऱ्याला जीभ काढून दाखवत होती. बोलता बोलता आईला ते दिसलं आणि ती हसली. दोन-तीन सेकंदच. पण काय हसली! भाईंनी ते ठेवलं. आमचे साहेब, म्हणजे कार्यालयाचे प्रमुख, मागे येऊन उभे राहिले.

"भाई, नवरा जाऊन आठ दिवस नाही झाले. ही हसते कशी? काढा ते."

"हसली म्हनून तं ती मानूस वाटते साहेब. नुसती रडली तं बातमी वाटते."

"मग बातमीच आहे ना ती?"

भाईंनी ते हसू कापलं.

त्यानंतरची गोष्ट तेल्हाऱ्याकडच्या एका गावातली. बेबीताई नावाच्या बाईचा नवरा असाच गेला होता. फवारणीचं औषध पिऊन. मी आणि आमचा कॅमेरामन सकाळी पोचलो. बेबीताई ओसरीवर बसून बोलत होती. तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, देवराव, घराशेजारच्या गोठ्यापाशी लाकडी मेढीला टेकून उभा होता. लग्न न केलेला, उंच, किडकिडीत माणूस. महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला, त्यामुळे गावात त्याच्या शब्दाला मान होता. तो आमच्याशी बोलला नाही, आम्हीही त्याला काही विचारलं नाही. कॅमेरामननं जाता जाता त्याचं थोडंसं चित्रण घेतलं, असावं म्हणून. मी तेव्हा वहीत काहीतरी लिहीत होते.

बेबीताई म्हणाली, "कोनीच नोतं जी त्याइच्या जवय. हाका मारल्या असतीन त्याइनं. कोनी आलंच नाई." मग ती उठून आत गेली, पाणी प्यायली, परत येऊन बसली आणि म्हणाली, "आता आमच्याकडं कोन पाहीन?"

दुपारी चारपर्यंत बातमी मुंबईला पाठवायची होती. भाईंना ती दोन वाक्यं एकापुढे एक हवी होती, पण मधला पाण्याचा भाग कापला की बेबीताईचं डोकं पडद्यावर टुणकन एका जागेवरून दुसऱ्या जागी उडायचं. तो सांधा झाकायला तिथे दुसरं काहीतरी दाखवणं भाग होतं. त्यांनी टेप पुढे पळवली. मुकी टेप. देवरावपाशी थांबले. तळवा आडवा धरला.

त्या टेपमध्ये देवराव साडेपाच सेकंद होता. त्यात त्याचे डोळे कॅमेऱ्यावरून निसटतात, डावीकडे जातात, परत येतात, पुन्हा जातात. मग तो गळ्यातल्या दुपट्ट्यानं ओठ पुसतो.

"हे बसते," भाई म्हणाले.

त्यातली तीन सेकंदं त्यांनी उचलली. सांधा झाकायला तीन पुरेनात म्हणून ती मंद केली. 'कोनी आलंच नाई,' असं बेबीताई म्हणते आणि देवरावचे डोळे हळूच निसटतात. खाली मय्यत. भाईंनी मला दाखवलं. मी म्हणाले, "वा भाई! काय बसलंय." हे मी म्हणाले होते. हे मला कुठेही लपवायचं नाही.

बातमी दोन दिवस दर तासाला लागत होती. मग दुसरं घर आलं, आणि आम्ही ते विसरलो.

तीन आठवड्यांनी बेबीताई आमच्या जिन्यावर उभी होती. सोबत तिची म्हातारी आई. मी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. तिनं पाण्याचा पेला हातातच धरून ठेवला.

"बाई, माह्या देराले तुमी असं कावून दाखोलं?"

"आम्ही त्यांच्याबद्दल एक शब्दही बोललो नाही, बेबीताई."

"बोल्ले नाई," ती म्हणाली. "दाखोलं."

मग तिनं सगळं सांगितलं. बातमी गावातल्या हॉटेलवर लोकांनी पाहिली. पुन्हा लागली, पुन्हा पाहिली. देवराव तिथे चहाला गेला तर बाकावरची माणसं उठून गेली. पोलीस पाटलानं त्याला बोलावून, त्या दिवशी तू कुठे होतास म्हणून दोनदा विचारलं. बार्शीटाकळीकडे तिचं माहेर. तिथे तिच्या भावांनी बातमी पाहिली आणि ते जीप घेऊन आले. 'याच्या डोयातच दिसते' म्हणाले, आणि तिला, दोन्ही लेकरांना घेऊन गेले. ती नको नको म्हणत होती. आता देवराव त्या घरात एकटा होता. चूल पेटवतो की नाही, कोणी बघत नव्हतं.

"बजाराचा दिवस होता बाई. सारं गाव तेल्हाऱ्याले. मी बी लेकराइले घेऊन बजारात. कोनी आलंच नाई म्हटलं ते गावाले; माहे देरच एकटे मागून वावरातून धावत आले. आपल्या भावाले पाठीशी दुपट्ट्यानं बांधलं अन् फटफटीवर दवाखान्यात नेलं. रस्ताभर त्याइच्याशी बोलत गेले. ते कोनी दाखोलं नाई."

भाई दाराशी उभे राहून ऐकत होते. ते आत गेले, कपाटातून टेप शोधून आणली आणि मशीनला लावली. बेबीताईला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. मग त्यांनी आवाज चालू केला.

देवराव मेढीला टेकून उभा आहे. त्याचे डोळे निसटतात, डावीकडे जातात. आणि डावीकडून, चित्राच्या बाहेरून, गाय हंबरते. लांब, कळवळून. कोणीतरी गोठ्यातून ओरडतं, "देवराव, पाय बाहेर आले रे!" देवराव दुपट्ट्यानं ओठ पुसत म्हणतो, "आलोच."

"व्याली ना गाय त्या दिवशी," बेबीताई म्हणाली. "अडली होती. मी तिकडं तुमच्याशी बोलून राह्यली होती अन् माहं ध्यान बी गायीकडंच होतं."

भाईंनी टेप मागे नेली, पुन्हा ऐकली. पुन्हा मागे नेली. मी तिथे प्रत्यक्ष हजर होते, आणि मलाही ती गाय आठवत नव्हती.

"मी आयकलंच नाई," भाई म्हणाले.

"पाहून राह्यले होते ना तुमी? मंग पाहता पाहता आयकाले येत नाई काय?" बेबीताईनं रागानं नाही, खरंच समजून घ्यायला विचारलं. भाईंनी मशीनमधून टेप काढून हातात घेतली.

त्याच दुपारी ते साहेबांकडे गेले. मीही गेले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी टेप पाहिली, जीभ चावली, मुंबईला फोन लावला. पलीकडून कोणी काय म्हटलं ते आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. फोन ठेवून ते म्हणाले, "ते विचारतायत, खुलासा कशाचा करायचा? बातमीत त्याचं नाव नाही. त्याच्याविषयी एक वाक्य नाही. जे आपण म्हटलंच नाही ते मागे कसं घ्यायचं?"

"पन आपन म्हटलं साहेब," भाई म्हणाले. "मी म्हटलं."

"भाई, तुम्ही फक्त एक शॉट लावला."

भाईंनी मान हलवली. ते पटलं म्हणून की नाही, कळलं नाही.

पुढचे चार दिवस दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपलीच बातमी नव्यानं जोडली. खरं म्हणजे जोडली नाहीच. बेबीताईचं सगळं बोलणं, मधलं पाणी, डोकं उडतंय तर उडू दे. देवरावचे साडेपाच सेकंद, पूर्ण, त्यांच्या मूळ चालीत, गायीच्या हंबरण्यासकट. रंग होता तसा. आलाप नाही. सीडी करून त्यांनी पिशवीत घातली आणि रजा टाकली. मीही टाकली. अकोल्याला गाडी बदलून आम्ही तेल्हाऱ्याला गेलो, आणि तिथून त्या गावाला.

हॉटेलवाल्यानं टीव्ही लावायला हरकत घेतली नाही. वीस-पंचवीस माणसं जमली. आधी कोणीतरी देवरावला बोलवायला गेलं. तो आला आणि सगळ्यांच्या मागे, उन्हात, उभा राहिला. दाढी वाढलेली होती. भाईंनी सगळ्यांना हात जोडले. "भाऊ हो, माह्या हातून चूक झाली. खरं काय ते आता पाहा."

सगळ्यांनी पाहिलं. गाय हंबरली तेव्हा एक-दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, झालं. पण सीडी संपल्यावर माणसं पडद्याकडून भाईंकडे वळली. मग पुढे बसलेला एक माणूस म्हणाला, "हे आता नवं बनवून आनलं काय तुमी?"

"बनोलं नाई. हे खरं हाये. पयलंच बनोलेलं होतं."

"पयलं बी तुमीच बनोलं?"

"हो."

"मंग हे बी तुमीच आनलं ना?"

दुसरा म्हणाला, "देवरावनं बलावलं असंन." तिसरा म्हणाला, "पयलं साऱ्या महाराष्ट्रानं पाह्यलं. हे आपल्या हॉटेलात पाहून काय होते?" कोणी वाद घातला नाही, कोणी शिवी दिली नाही. माणसं उठली, टोप्या नीट केल्या आणि आपापल्या कामाला गेली. हॉटेलवाल्यानं चहा ठेवला.

देवराव मागून पुढे आला. भाईंजवळ येऊन म्हणाला, "माहं तेवढं पुन्हा लावता काय?"

भाईंनी लावलं. देवरावनं ते उभ्यानं पाहिलं. मग म्हणाला, "पयलं होतं तसं नाई काय? मंद?"

"ते नाई आनलं भाऊ."

"ते मी तीनदा पाह्यलं होतं." तो बाकावर बसला. "भाई, मी गायीकडंच पाहत होतो ना?"

"गायीकडंच भाऊ. आवाज हाये ना तिचा."

"आवाज हाये. पन चेहरा?" त्यानं आपल्या गालावरून हात फिरवला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. "भाऊ गेला त्या दिवशी सकायी तो माह्याकडं आला होता. म्हने, देवा, जरा बोलाचं होतं. मी बैलाच्या जुवाडाले दोर बांधून राह्यलो होतो. म्हटलं, मंग बोलू. मले वाटे हे कोनालेच मालूम नाई. त्या मंद चित्रात ते दिसते."

"नाई भाऊ, ते तुमचं नोय," भाई घाईघाईनं म्हणाले. "ते मी केलं. मी चाल मंद केली, म्हनून तसं दिसते. तुमी तं नुसते पाहत होते. कोनाचा बी चेहरा मंद केला तं तसाच दिसते, खरं सांगतो."

देवरावनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी काम चांगलं केलं," तो म्हणाला. "मलेच नोतं दिसलं."

परतीच्या गाडीत भाई खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी उभी होती. अकोला येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले. "त्या नवरीच्या बापाले मी काय करून ठेवलं असंन, ताई?"

दोन महिन्यांनी देवराव नाहीसा झाला. गाय आणि वासरू शेजाऱ्याच्या दारात बांधून, घराला कडी घालून निघून गेला. बेबीताईनं माहेराहून येऊन पोलीस ठाण्यात नोंद केली. ही खबर मुंबईला कशी कळली कोण जाणे. आम्हाला कोणी विचारलं नाही, नवं चित्रण मागवलं नाही. तिकडे त्यांच्याकडे जुनी बातमी होतीच. संध्याकाळी मी टीव्ही लावला तर देवरावचे डोळे हळूच निसटत होते आणि खाली पट्टी होती, 'संशयित दीर बेपत्ता'. 'संशयित' हा शब्द पहिल्यांदाच आला होता.

भाईंनी कार्यालयात येणं थांबवलं नाही. मला वाटलं होतं, ते सोडतील. उलट ते आधी येऊ लागले. कुठल्याही गर्दीची टेप आली, बसस्थानकाची, मोर्चाची, कापूस खरेदी केंद्रावरच्या रांगेची, यात्रेची, की ते ती थांबवत थांबवत बघायचे. एक एक चित्र. माणसांच्या मागची माणसं. आवाज चालू असायचा. मी विचारलं तर म्हणायचे, "उंच हाये ना तो. दिसंन." दोन मिनिटांच्या बातमीला दोन-दोन दिवस लागायला लागले. साहेबांनी सांभाळून घेतलं तितकं घेतलं. मग एक तरुण एडिटर आला, आणि भाई बार्शीटाकळीला निघून गेले. जाताना त्यांनी संगणकातली ती 'मय्यत' नावाची फाईल काढून टाकली होती. नव्या मुलानं दुसऱ्या दिवशी तसलीच दुसरी आणली.

दीड वर्षानं ते वारले. मला आठ दिवसांनी कळलं. छातीत दुखलं, घरचे म्हणाले, इतकंच.

त्याआधी मी त्यांना एकदाच पाहिलं. रिद्धपूरला, महानुभावांच्या तीर्थक्षेत्री, यात्रेचे दिवस होते आणि मी बातमीसाठी गेले होते. बसथांब्याजवळच्या निंबाखाली, काळ्या कपड्यांतल्या साधूंच्या आणि गावोगावच्या बायामाणसांच्या गर्दीत, केशरी केसांचा एक माणूस उभा दिसला. केस आता मुळांशी पांढरे झाले होते. मी जवळ गेले. त्यांनी ओळखलं, हसले, पण बोलायला थांबले नाहीत. पंथाचा माणूस आहे, कधीतरी इथे येईलच, असं त्यांनी धरलं होतं. दर यात्रेला येत होते.

त्यांच्या हातात एक कागद होता. प्लॅस्टिकमध्ये घातलेलं देवरावचं चित्र. देवरावचा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता. मतदार ओळखपत्रावरचा होता, पण तो कोणाचाही असू शकेल असा. म्हणून भाईंनी त्या साडेपाच सेकंदांतलंच एक चित्र छापून घेतलं होतं. मी ते हातात घेतलं. डोळे बाजूला गेलेले, दुपट्टा ओठांपाशी.

एक म्हातारी जवळून चालली होती. भाईंनी तिला अदबीनं अडवलं. "दंडवत, माय. याले कुठी पाह्यलं काय?"

म्हातारीनं कागद उन्हात धरला. डोळे बारीक करून बराच वेळ पाहिला. मग मान वर करून, जरा दबक्या आवाजात विचारलं, "काय केलं यानं?"

"काइ नाई, माय," भाई म्हणाले. "गाय व्यात होती त्याची. तिकडं पाहून राह्यला."

म्हातारीला ते कळलं नाही. तिनं पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं, पदर सावरला आणि कागद परत देऊन ती पुढे गेली. भाई कागद छातीशी धरून तिच्या मागच्या माणसाकडे वळले.